उंबरठा किती उंचावर?

गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे चर्चच्या आवारात कडुनिंबाच्या सावलीत उभे होतो. कोणीतरी एक चकचकीत पत्रक आणले होते. शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या एका उंच निवासी इमारतीचे त्यावर चित्र होते. इमारतीच्या माथ्यावरून पांढरे ढग चालले होते, पायथ्याशी हिरवळ होती आणि हिरवळीवर मुले बागडत होती. सोलापुरात मे महिन्यात असे ढग आणि अशी हिरवळ कोठे आढळते, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. पत्रक हातोहाती फिरले आणि चर्चेला तोंड फुटले. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारले, "वरच्या मजल्यावर पाणी चढणार कसे?" नुकतीच नोकरीस लागलेली एक मुलगी म्हणाली, "लिफ्ट आहे, वॉचमन आहे, रात्री उशिरा परतले तरी भीती नाही." ज्यांनी आपल्या आयुष्याची पन्नास वर्षे गिरणीच्या चाळीत काढली अशा एक आजीबाई मात्र पत्रक डोळ्यांपासून दूर धरून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं छान हाय की गं, पण ह्याला दार कुठाय?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. चित्रात खरोखरच दार नव्हते. खिडक्या होत्या, सज्जे होते, रोषणाई होती; माणूस आत शिरतो कोठून आणि बाहेर येऊन बसतो कोठे, हे चित्रकाराला दाखवावेसे वाटले नव्हते.

घर कसे असावे ह्याविषयी सामान्य माणसाला मत असते. ते तो कागदावर लिहून देत नाही, आणि बहुधा त्याला कोणी विचारीतही नाही. म्हणून त्याचे मत काय होते हे शोधायचे तर इतिहासाकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. कोणत्या खोल्या रिकाम्या पडल्या, कोणत्या घरांपुढे पडवी उभी राहिली, कोणत्या इमारतीविषयी कोणती दंतकथा पसरली, ह्यांतून ते मत बोलत असते. गेल्या शंभर वर्षांतील असे काही बोल ह्या लेखात एकत्र करावेत, असा आमचा मानस आहे.

आमचे सोलापूर हे भुईला धरून राहिलेले गाव. येथला किल्लासुद्धा भुईकोट. जुन्या पेठांतील घरे मातीची, जाड भिंतींची, वर सपाट माळवद. हे माळवद म्हणजे घराची दुसरी ओसरीच. दिवसा त्यावर कुरडया, पापड, मिरच्या वाळायच्या आणि उन्हाळ्याच्या रात्री सारे कुटुंब अंथरुणे घेऊन वर जायचे. पारा बेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात रात्रीचा वारा मिळण्याची ती एकच हक्काची जागा होती. एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर गप्पा चालत, आणि सोयरिकीसुद्धा जमत. ज्याला आज आपण उंची म्हणतो तिची ओढ आमच्या लोकांना नव्हती असे नाही; पण एका शिडीने चढता येईल आणि हाक मारली तर खाली ऐकू जाईल, एवढीच ती होती.

त्यापलीकडे उंच असे जे काही होते ते राहण्यासाठी नव्हते. संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, त्यांच्याकडे सारे गाव मान वर करून पाहते. दुसरी उंची गिरण्यांच्या धुराड्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरारजी गोकुळदासांची गिरणी आली, जिला पुढे सारे सोलापूर 'जुनी गिरणी' म्हणू लागले. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम ह्या गिरण्या आल्या. धुराडे दिसले की कोणत्या गिरणीची हद्द लागली हे कळे, आणि भोंगा झाला की घरात घड्याळ नसलेल्यांना वेळ कळे. १९६०च्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, उरलेल्याही पुढच्या काही दशकांत एकामागून एक थंडावल्या. धुराड्यांनी आकाशातली जागा सोडली.

उंचीवरून आमच्या शहरात अलीकडे सर्वांत मोठा वाद झाला तोही एका धुराड्याचाच. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या हवाई मार्गात येत होती. चिमणी पाडा म्हणणारे आणि चिमणीला हात लावू नका म्हणणारे, असे शहराचे दोन भाग पडले. एका बाजूला उद्योगधंद्यांसाठी विमानसेवा हवी म्हणणारे नागरिक, दुसऱ्या बाजूला आपल्या उसाची चिंता करणारे सभासद शेतकरी. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी जमीनदोस्त करण्यात आली, आणि ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमान उडाले. दोन्ही बाजूंना काय वाटते हे त्या वादाच्या काळात रोज वर्तमानपत्रांत छापून येत होते. एका चिमणीविषयी एवढी मते जाहीरपणे मांडली गेली. ज्या घरांत माणसे जन्म काढणार त्यांच्या उंचीविषयी एवढी चर्चा आम्ही कधी ऐकली नाही.

सोलापूर भुईला धरून राहिले ते केवळ जमीन मुबलक होती म्हणून, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्याचे कारण येथल्या उद्योगात आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्वभागात आपले संसार थाटले. त्यांचा जुना हातमाग म्हणजे खड्डामाग. जमिनीत खड्डा खणायचा, विणकराने त्याच्या काठावर बसायचे, पाय खड्ड्यात सोडायचे आणि पायपट्ट्या दाबीत धोटा फिरवायचा. असा माग दुसऱ्या मजल्यावर कसा बसवणार? पुढे यंत्रमाग आले. त्यांना खड्डा लागत नाही, पण त्यांचे वजन आणि त्यांची धडधड अशी की तेही तळालाच राहिले. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, आणि मागाच्या आवाजात झोपी जाणारी मुले, असे ते घर. ते घरही होते आणि कारखानाही होता.

पुरुष मागावर तर बायका विडीवर. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन एकेक विडी वळायची, दोऱ्याने बांधायची आणि तयार माल कारखान्याच्या ब्रँचमध्ये नेऊन द्यायचा. मजुरी हजारावर. घरी बसून विडी वळणारी स्त्री ही कामगारच आहे, हे १९६६च्या विडी कामगार कायद्याने मान्य केले. तिच्या कल्याणासाठीचा निधी १९७६च्या कायद्याने आला. परंतु कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही अशी एक गोष्ट पूर्वभागातील कोणत्याही बोळातून चालत गेले की कळते. ती स्त्री खोलीच्या आत बसत नाही, उंबरठ्यावर बसते. तेथे उजेड असतो. तंबाखूची धूळ वाऱ्याने बाहेर जाते, पाळण्यातल्या लेकरापर्यंत पोहोचत नाही. समोरच्या उंबरठ्यावर दुसरी बसलेली असते, तिच्याशी बोलता बोलता हजाराचा आकडा गाठला जातो. शाळेतून येणारे पोर दिसते, पाण्याचा नळ आला हे कळते. आजीबाईंनी विचारलेले 'दार' ते हेच, असे आम्हांला पुढे उमगले.

कामकऱ्यांसाठी मजल्यांची घरे बांधण्याचा आपल्या प्रांतातील पहिला प्रचंड सरकारी प्रयोग पाहावयाचा तर सोलापूर सोडून मुंबईस जावे लागेल. सोलापूर तेव्हा त्याच मुंबई इलाख्याचा भाग होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनी १९२० साली मुंबईच्या विकासासाठी एक स्वतंत्र खाते उघडले. त्या खात्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याने बांधलेल्या चाळी बी.डी.डी. चाळी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता; प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे, आणि एका बिऱ्हाडास सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. संडास सामायिक. बांधकाम काँक्रीटचे. त्या काळी ते नवलाचे होते आणि अधिकाऱ्यांना त्याचा अभिमानही असावा.

मग त्या खोल्यांत राहावयास मजूर धावले का? नाही. १९२०च्या दशकात ह्या चाळींतील, विशेषतः वरळीच्या, कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून होत्या. ज्या मुंबईत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे दाटीवाटीने राहत होती, त्याच मुंबईत सरकारी खोल्यांना भाडेकरू मिळेनात! वरळी त्या वेळी गिरणगावापासून दूर, भाडे मजुराच्या कमाईस जड, आणि त्या करड्या काँक्रीटच्या पेटीत गावाकडच्या घराची एकही खूण नाही. मजुरांनी सभा घेतल्या नाहीत की अर्ज लिहिले नाहीत. त्यांनी फक्त येण्याचे नाकारले. गृहरचनेवरील जनमत ह्याहून स्पष्ट शब्दांत कोणी नोंदवले असेल असे आम्हांला वाटत नाही.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. १९३०च्या कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या ह्या रिकाम्या चाळींपैकी काहींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तेथे कोंडले. त्यातून एक दंतकथा रूढ झाली, ती आजही मुंबईत ऐकू येते. ह्या चाळी मुळात कैद्यांसाठीच बांधल्या होत्या, असे लोक खात्रीने सांगतात. ते खरे नाही. त्या कामकऱ्यांसाठीच बांधल्या होत्या. परंतु ही दंतकथा तीन पिढ्या टिकली ह्याला काही अर्थ आहे. त्या इमारतींकडे पाहून पाहणाऱ्याला तुरुंगच आठवला आणि हे घरासाठी बांधले असेल ह्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

तरीही माणसे आली. काळ बदलला, मुंबई दाटली, वरळी मध्यावर आली, भाडे परवडू लागले आणि चाळी भरल्या. ज्या बोळाला कोणी तुरुंगाचा व्हरांडा म्हटले असते त्याच बोळात बारसी झाली, मंडळे निघाली, वाचनालये चालली, रात्रीचा अभ्यास झाला. जांबोरी मैदानावर सभा गाजल्या. वास्तुरचनेने जे दिले नाही ते माणसांनी आपल्या राहण्याने त्यात घातले. ह्याचे श्रेय आराखडा करणाऱ्याला देण्याची चूक मात्र करू नये; आज अनेक जण चाळीच्या प्रेमाने गहिवरून ती करतात.

आता पुन्हा सोलापुराकडे वळू. गिरण्या थंडावल्यावर शहरातील कष्टकऱ्यांच्या घराचा प्रश्न अधिकच बिकट झाला. विडी कामगार स्त्रिया झोपडपट्ट्यांत, भाड्याच्या एकेका खोलीत राहत होत्या. माजी आमदार कॉम्रेड नरसय्या आडम, ज्यांना सारे सोलापूर आडम मास्तर म्हणून ओळखते, त्यांच्या पुढाकाराने ह्या स्त्रियांनी घरांसाठी दीर्घकाळ लढा दिला. लाल बावट्याच्या राजकारणाशी आमचे जमेल असे नाही, परंतु जे झाले ते नोंदवले पाहिजे. वारली आदिवासींमध्ये आयुष्य वेचणाऱ्या गोदूताई परुळेकरांचे नाव दिलेली गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि शहरालगत कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत झाली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. खर्चात केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार स्त्री असे तिघांचे वाटे. घर स्त्रीच्या नावे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की ती घरे बैठी होती. लहान, साधी, पण जमिनीवर. प्रत्येकीला स्वतःचे दार आणि दारापुढे चार पावले जागा. कुंभारी शहरापासून दूर आहे, आणि वरळीप्रमाणे येथेही दूरचे म्हणून घरे रिकामी राहण्याचा धोका होता. तसे झाले नाही. आम्ही काही वर्षांपूर्वी तेथे एका ओळखीच्या कुटुंबाकडे गेलो होतो, तेव्हा मूळ घर कोणते हे ओळखणे कठीण जावे एवढे बदल गल्लोगल्ली झालेले होते. कोणी पुढे पत्र्याची पडवी काढली होती, कोणी मागे न्हाणी वाढवली होती, कोणी खिडकीतच किराणा दुकान थाटले होते. दारोदारी सुपे होती. पाणी, रस्ता, बस ह्यांविषयी तक्रारींचा पाढा आम्ही तासभर ऐकला, आणि शेवटी घराच्या मालकिणीला सहज विचारले, "मग शहरात परत यावे वाटते का?" ती आमच्याकडे असे पाहू लागली की आम्ही पुढचा प्रश्न गिळला.

त्याच कुंभारीत नंतर रे नगर उभे राहिले. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तीस हजार नियोजित घरांपैकी पंधरा हजार घरांचे त्यांच्याच हस्ते लोकार्पण झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, रिक्षाचालक अशी सर्व असंघटित मंडळी तेथे सभासद आहेत. एवढी घरे बैठी बांधणे शक्य नव्हते. ही घरे मजल्यांच्या इमारतींत आहेत. वीस वर्षांच्या आत त्याच गावच्या त्याच माळावर सोलापूरचा कष्टकरी एका उंबरठ्यावरून जिन्यावर आला. ज्याला कधीच पक्के छप्पर नव्हते त्याला जिने चढावे लागतात ह्याचे दुःख आपण बाहेरून का करावे, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. आम्ही एवढेच म्हणतो की पहिल्या वसाहतीत काय रुजले आणि काय सुकले हे दुसरीचा नकाशा काढण्यापूर्वी घरोघरी विचारून पाहता येते, आणि कोणतीही नवी वसाहत उभारताना हा खटाटोप जेवढा करावा तेवढा थोडाच.

ह्या ठिकाणी आमच्या वाचकांना परिचित अशा एका वास्तुशिल्पकाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दादरचे साल्वेशन चर्च, ज्याला मुंबईकर पोर्तुगीज चर्च म्हणतात, त्याची १९७७मध्ये पूर्ण झालेली नवी वास्तू पुष्कळांनी पाहिली असेल. ती चार्ल्स कोरिया ह्यांची. कोरिया मूळचे गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले, जन्म १९३०चा सिकंदराबादचा, आणि मृत्यू २०१५ साली मुंबईत. त्यांनी मुंबईच्या धनिकांसाठी कांचनजंगा ही सुमारे ८४ मीटर उंचीची इमारत बांधली, ती १९८३मध्ये पुरी झाली. तीत केवळ ३२ घरे असून प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीचा मोकळा सज्जा आहे. जुन्या बंगल्याची पडवीच त्यांनी आकाशात नेली, कारण आपल्या हवेत माणसाला भिंतीच्या आत आणि भिंतीच्या बाहेर ह्यांच्यामधली एक जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच सुमारास नव्या मुंबईत बेलापूरला त्यांनी सामान्य उत्पन्नाच्या लोकांसाठी वसाहत केली. ती मात्र बैठी: सात-सात घरे एका अंगणाभोवती, आणि कोणाचीही भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागलेली नाही, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या ऐपतीने घर वाढवता यावे. कुंभारीच्या बायांनी पत्र्याची पडवी काढून जे केले ते करण्याची मुभा बेलापुरात आराखड्यातच ठेवलेली होती. उंच इमारत बांधणाऱ्याच हाताने हेही केले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. उंची वाईट आणि बैठेपणा चांगला, असा सोपा निवाडा त्यातून निघत नाही.

वसईच्या आमच्या बांधवांचा अनुभव येथे आठवतो. १९९०च्या आसपास वाड्यांच्या आणि बागायतींच्या त्या पट्ट्यात इमारतींचे लोट येऊ लागले, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. शेजारच्या उस्मानाबादेत २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान भूषविलेले हेच फादर. २०२४च्या जुलैत ते निवर्तले. वसईकरांचे भांडण इमारतीच्या देखणेपणाशी नव्हते. तिच्या टाकीत येणारे पाणी कोणाच्या विहिरीतून येते, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या निवृत्त गृहस्थांनी कडुनिंबाखाली विचारले ते ह्याहून निराळे नाही. उजनीचे धरण भरलेले असतानाही सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिलेली आहे. भुईवरच्या घरात हंडे-पिंपे भरून ठेवता येतात. बाराव्या मजल्यावर पिंप नेणार कोण?

बी.डी.डी. चाळींची कहाणी आम्ही अर्ध्यावर सोडली होती. शंभर वर्षांनी त्या मोडकळीस आल्या आणि २०१७ साली त्यांच्या पुनर्विकासाला आरंभ झाला. म्हाडाकडे आलेल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील १९५ चाळींत पंधरा हजारांहून अधिक बिऱ्हाडे होती. वरळीत त्यांच्यासाठी चाळीस मजल्यांचे मनोरे योजले गेले. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ रहिवाशांना किल्ल्या मिळाल्या.

ह्या मनोऱ्यांविषयी मतांचा जो कल्लोळ झाला तो शंभर वर्षांपूर्वीच्या मुक्या नकारापेक्षा फार वेगळा होता. बहुसंख्यांना घर हवे होते. आपल्याच दारात संडास असावा एवढ्यासाठी ज्यांनी पिढ्या घालवल्या त्यांना चाळीची आठवण काढून गहिवरणाऱ्यांचा राग येणे स्वाभाविक होते. पण रहिवाशांनीच सुरुवातीपासून लावून धरले की लिफ्ट, पंप, दिवे ह्यांचा दरमहाचा खर्च पगारी माणसाने सोसायचा कसा? आणि नवी मुंबईच्या मूळ आराखड्याचे एक शिल्पकार, अभियंते शिरीष पटेल ह्यांनी दाटीचा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. एवढ्या जागेत एवढी माणसे उभी रचली तर खाली रस्ता, मैदान, उजेड आणि वारा प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार, हा त्यांचा साधा हिशेब होता. २०२४ साली ते वारले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी त्या खोल्या नाकारल्या त्यांचे मत आणि आज ज्यांनी चाळीसावा मजला स्वीकारला त्यांचे मत ह्यांत आम्हांला विरोध दिसत नाही. दोघांनीही उंचीची मोजदाद केलेली नाही. भाडे, अंतर, पाणी, हवा आणि आपला मान ह्यांची केली आहे.

मान हा शब्द आम्ही जाणून वापरला. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराच्या उपनगरात आमच्या नात्यातील एक वृद्ध निवर्तले. मुलाचे घर सातव्या मजल्यावर. गृहप्रवेशाच्या दिवशी धर्मगुरूंनी तेथे प्रार्थना केली तेव्हा आम्ही सारे होतो आणि गच्चीवरून दिसणाऱ्या दिव्यांचे कौतुकही केले होते. आता त्याच घरातून शवपेटी खाली न्यायची होती. ती लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने निघालो तर प्रत्येक वळणावर पेटी जवळजवळ उभी करावी लागली. खांदा देणारे आम्ही सहा जण. आतल्या देहाचा भार एका बाजूला घसरल्याचे हाताला कळत होते आणि कोणी कोणाच्या डोळ्यांकडे पाहत नव्हते. मागून विधवा वहिनी एकेक पायरी उतरत होत्या. त्या इमारतीचा आराखडा ज्याने केला तो वाईट माणूस नसेल. ह्या घरात कोणी म्हातारे होईल आणि मरेल, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते इतकेच.

इशारा देऊनही ऐकले गेले नाही, असेही घडते. लंडनच्या ग्रेनफेल ह्या चोवीस मजली इमारतीतील रहिवासी आगीच्या धोक्याविषयी आधीपासून तक्रारी करीत होते. १४ जून २०१७च्या रात्री ती पेटली आणि ७२ माणसे गेली. राहणाऱ्याचे मत म्हणजे केवळ आवडनिवड, असे ज्यांना वाटते त्यांनी तो चौकशीचा इतिहास वाचावा.

आमच्या शहराला आता उंच इमारती टळणार नाहीत. २०११च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती साडेनऊ लाखांच्या घरात होती. २०२०च्या डिसेंबरात मुंबईसारखे अपवाद वगळता राज्यातील शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, आणि तेव्हापासून आमच्यासारख्या मध्यम शहरांनाही वर जाण्याची वाट अधिक मोकळी झाली. विमानतळाच्या आसपास उंचीला मर्यादा आहे, एवढाच काय तो अडसर. नगररचनेच्या आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद कायद्यात आहे. तशी सूचना वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापून येते आणि मुदत संपल्यावर आपल्या नजरेस पडते. आमच्या धर्मग्रामातून अशी हरकत कधी गेली असेल असे आम्हांला वाटत नाही. आम्हीही कधी पाठवलेली नाही.

त्या रविवारनंतर ते पत्रक घेऊन आम्ही आजीबाईंच्या नातीसह ती जागा पाहावयास गेलो. नातीला तेथे दोन खोल्यांचे घर घ्यावयाचे आहे, तिच्या पगारात हप्ता बसतो, आणि आजीला बरोबर न्यायचे आहे. पाया खणून झाला होता. कार्यालयातील तरुण अदबीने वागला, त्याने पंख्याखाली बसवले, पाणी दिले. आम्ही विचारले, लिफ्टची लांबी किती? तो चकित झाला, पण त्याने नकाशा काढला आणि पट्टी लावून मोजून सांगितले. दोन लिफ्ट, त्यांतली एक मोठी, स्ट्रेचर आडवे जाईल एवढी. नातीने विचारले, बोळातल्या दाराबाहेर एक खुर्ची ठेवता येईल का, आजीला बसायला? ह्यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते. नियमांत तसे काही लिहिलेले नाही, साहेबांना विचारून सांगतो, असे तो म्हणाला आणि त्याने वहीत टिपून घेतले.